मुलांचं अँटिबायोटिक ड्राय सिरप घरी नीट कसं बनवायचं आणि द्यायचं

डॉक्टरांनी मुलाला अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचं ड्राय सिरप लिहून दिलं की मेडिकलवाला पावडरची बाटली हातात देतो आणि "पाणी घालून हलवा" एवढंच सांगतो, म्हणून जरा डिटेलमध्ये लिहितेय.

झाकण उघडायच्या आधी बाटली तळहातावर आपटून पावडर मोकळी करा, नाहीतर तळाला गोळा राहतो. सोबत पाण्याची छोटी बाटली आली असेल तर तेच पाणी, नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं. आधी खुणेच्या थोडं खालपर्यंत भरा, जोरात हलवा, फेस बसला की लेव्हल खाली गेलेली दिसेल, मग बरोबर खुणेपर्यंत भरून परत हलवा. पाणी कमी पडलं तर औषध स्ट्राँग होतं, जास्त झालं तर पातळ. लेबलवर तारीख लिहा आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. हे सिरप बनवल्यापासून 7 दिवसच चालतं, नंतर उरलं तरी फेकायचं. बाकी अँटिबायोटिकचं वेगळं असतं, त्यांचं लेबल वाचा.

डोस मुलाच्या वजनावर ठरतो, त्यामुळे मोठ्या भावाचा किंवा मागच्या वर्षीचा डोस द्यायचा नाही म्हणजे नाही. दर वेळी बाटली हलवा आणि मापाच्या कपाने किंवा सिरिंजनेच द्या, घरातला चमचा नको. जेवणाच्या सुरुवातीला दिलं तर पोटाला त्रास कमी होतो. दुधाच्या बाटलीत मिसळू नका, पोराने दूध अर्धवट टाकलं की डोसही अर्धा गेला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाटली संपली म्हणजे कोर्स संपला असं नसतं!! 5 मिली दिवसातून दोनदा असेल तर 30 मिलीची बाटली 3 दिवसांत संपते, आणि तोपर्यंत ताप उतरलेला असतो म्हणून बरेच जण तिथेच थांबतात. 7 दिवस सांगितले असतील तर 70 मिली लागेल, म्हणजे 3 बाटल्या. पुढची बाटली आधीची संपल्यावरच बनवा आणि घेताना आकडा बघा, कारण एकाच ब्रँडमध्ये 5 मिलीला 228.5 मिग्रॅ आणि 457 मिग्रॅ अशी दोन्ही सिरप मिळतात, चुकीची आली तर डोस एकदम दुप्पट नाहीतर अर्धा.

एखादा डोस विसरला तर आठवल्यावर द्या, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, डबल कधीच नाही. थोडे जुलाब होऊ शकतात, ओआरएस पाजत राहा, शौचात रक्त दिसलं तर लगेच डॉक्टर. अंगावर गांधी उठल्या तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना फोन करा. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर वाट बघत बसू नका, 108 ला फोन करा किंवा सरळ हॉस्पिटल गाठा. आधी पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी झालेली असेल तर ते चिठ्ठी लिहितानाच सांगा. आणि 2-3 दिवस औषध देऊनही ताप तसाच असेल तर मनाने डोस न वाढवता परत दाखवून या.