सोसायटीचे दोन पंप पाळीने चालतात ना?
सोसायटीत पाण्याचे दोन पंप असतील तर अनेक ठिकाणी कंट्रोलर (पंप आपोआप चालू-बंद करणारं यंत्र) त्यांना आळीपाळीने चालवतो. वरच्या टाकीतला फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच) खाली गेला की या वेळी पहिला, पुढच्या वेळी दुसरा. पाणी आणखी उतरून त्याच टाकीतल्या खालच्या फ्लोटपर्यंत गेलं तर दोन्ही एकदम. पण दुरुस्तीच्या वेळी कोणीतरी पॅनेलवरचा सिलेक्टर (कोणता पंप चालवायचा ते ठरवणारा खटका) 'पंप १'वर फिरवतो आणि तो तसाच राहतो. आमच्याकडे पहिला जळला तेव्हा कळलं, दुसरा महिनोन्महिने बंद राहून जाम झालाय! चार मजले बादल्या चढवल्या. म्हणून सिलेक्टर 'ऑटो'वर आहे ना, बघा. महिन्यातून एकदा पहिल्याचा एमसीबी (त्याच्या विजेचा ब्रेकर) बंद करून टाकी उतरू द्या आणि दुसरा आपोआप उचलतो का, ते स्वतः उभं राहून पाहा.