स्कॅन हिरवागार आला, चारही कास्टिंगं भंगारात गेली

थ्रीडी स्कॅनिंगच्या कामात मला सहा वर्षं झाली. तरी माझ्या स्कॅनवरून केलेल्या पॅटर्नचा (वाळूत दाबून साचा उठवायचा नमुना) पहिला नग ओतून येईपर्यंत अजून घास नीट उतरत नाही. कारण आहे पंपाची एक केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच.

कोल्हापुरात स्कॅनिंग करणाऱ्याकडे येणारं ठरलेलं काम म्हणजे शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांचं, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्यांचं. जुना पार्ट हातात आहे, ड्रॉइंग कुणाकडे नाही, लाकडी पॅटर्न वाळवीनं खाल्लाय, "ह्याच्यासारखंच करून द्या." माझ्याकडे आलेली केसिंग ग्रे कास्ट आयर्नची होती, काळी आणि तेलकट. डिझेलनं धुतली, स्कॅनरला नीट दिसावं म्हणून डेव्हलपरचा पांढरा स्प्रे मारला, शॉट एकमेकांना जोडता यावेत म्हणून टार्गेटचे स्टिकर चिकटवले. स्प्रे हलका मारा, स्टिकर सरळ रांगेत लावू नका, प्रत्येक शॉटमध्ये आधीच्या शॉटमधले तीन स्टिकर तरी दिसू द्या. एवढं सगळ्यांनाच माहीत असतं, पुढे जातो.

तर पायाच्या दोन बॉसमधलं (उंचवट्यांमधलं) अंतर स्कॅनमध्ये ४०० मिलिमीटर. मॉडेलमध्ये ४००. व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) काढलेल्या ॲल्युमिनियम पॅटर्नवरही ४००. तो पॅटर्न पुन्हा स्कॅन करून मॉडेलवर बसवला, तर फरकाचा रंगीत नकाशा सगळा हिरवा. मी स्क्रीनशॉट घरी आईलासुद्धा पाठवला होता.

कास्टिंग आलं ते ३९६ चं.

ओतलेला धातू थंड होताना आकसतो. ग्रे आयर्न साधारण १ टक्का, ॲल्युमिनियम १.३ च्या आसपास, स्टील २ च्या घरात. जुनी केसिंग एकदा आकसून बसलेली होती. तिच्याच मापाचा पॅटर्न वाळूत दाबला की पोकळी ४०० ची होते आणि तीत ओतलेला धातू पुन्हा आकसतो. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. डिप्लोमाच्या पेपरात पॅटर्न अलाउन्सवर (पॅटर्न मापापेक्षा किती मोठा ठेवायचा यावर) आकृतीसह उत्तर लिहून आलो होतो. पण स्क्रीनवर हिरवा रंग दिसला की डोकं तिथंच थांबतं. तो नकाशा फक्त एवढंच सांगतो की नक्कल बरोबर झाली. मुळात नक्कल करायची होती का, हे त्याला कोण विचारणार?

आणि हे अर्धंच झालं. केसिंगची फ्लँज (जोडणीची चपटी कड) मशिनिंग झालेली, म्हणजे वरचा माल मशीनवर कापून काढलेली, २० मिलिमीटर जाड. मी ती तशीच्या तशी पॅटर्नमध्ये उतरवली, म्हणजे नव्या कास्टिंगमध्ये ती १९.८ ची आली, कापायला जास्तीचा माल उरलाच नाही. लेथवाल्यानं नग चकमध्ये बांधला, वर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला आणि मला फोन केला, "साहेब, ह्यातनं काढू काय?"

चार नग गेले, पॅटर्नचे पैसे माझ्या अंगावर आले. दुसऱ्या दिवशी फौंड्रीतल्या पॅटर्न मिस्त्रींनी मला जवळ बोलावून त्यांची पट्टी माझ्या स्टीलपट्टीला लावून दाखवली. त्यांची ३०० ची खूण माझ्या पट्टीवर ३०३ ला येत होती. आकसणं त्या पट्टीतच भरलेलं! म्हणाले, "वाळलेल्या पापडाचं माप घेऊन लाटायला बसलास व्हय?"

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. या कामात यायचं असेल तर स्कॅनिंगच्या तीन महिन्यांच्या कोर्सवर पैसे घालण्याआधी पंधरा दिवस पॅटर्न शॉपमध्ये नुसते उभे राहा. चहा सांगा, शिव्या खा. कोर्सवाले सॉफ्टवेअरमधली बटणं शिकवतात, आणि त्यातलं 'ऑटो सरफेस' हे तर माझ्या मते काढूनच टाकायला हवं. एका क्लिकवर सुरकुतलेली चादर मिळते. तीत बोअरही (आरपार गोल भोक) नीट गोल नसतो आणि गिऱ्हाइकाला पुढे एक माप बदलता येत नाही.

आता मी पार्ट टेबलावर घेण्याआधी विचारतो: यावरून पॅटर्न करायचाय की थेट सॉलिडमधून मशिनिंग? धातू तोच की बदलणार? कुठले फेस (पृष्ठभाग) मशिनिंगचे? बेअरिंगची जागा झिजलेली आहे का? बोअर स्कॅनमध्ये ४०.०७ दिसला तर तो मुळातच तसा होता की ४० चा झिजून तसा झाला, हे आपल्याला ठरवावं लागतं, त्यासाठी त्यात बसणारं बेअरिंग मागून घ्या. आधी मापं पक्की करायची, मग मशिनिंगच्या फेसवर माल वाढवायचा (बोअरमध्ये तो आत वाढतो, म्हणजे भोक लहान होतं, इथंही लोक चुकतात), ड्राफ्ट (पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून थोडा उतार) द्यायचा आणि शेवटी आकसण्याचा गुणक लावायचा. तो पुस्तकातून उचलू नका. आत कोअर (पोकळी राहावी म्हणून ठेवलेला वाळूचा गाभा) असेल तर तो आकसणं अडवतो, सगळ्या दिशांना सारखा आकडा लागत नाही. ओतणाऱ्यालाच विचारा.

हे वाचून पोटात गोळा आला असेल तर येऊ नये. स्कॅनर हातात बसायला महिना पुरतो, आणि नवीन पोरगं नीट प्रश्न विचारतंय म्हटल्यावर फौंड्रीतले लोक हातचं राखत नाहीत. स्कॅनर नसला तरी सुरुवात होते. भंगारातून एखादं जुनं कास्टिंग आणा, सावलीत ठेवा, भोवती फिरून मोबाइलवर ६०-७० फोटो काढा, एकाला लागून दुसरा, आणि फोटोंवरून थ्रीडी मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घाला. नग फिरवत बसू नका, मागची भिंत जागेवर राहते आणि सॉफ्टवेअर गोंधळतं. शेजारी स्टीलपट्टी ठेवायला विसरू नका, फोटोवरून केलेल्या मॉडेलला स्वतःचं माप नसतं. मेशलॅब हे थ्रीडी मॉडेल पाहायचं-मोजायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात मॉडेल उघडा, पट्टीवरून स्केल द्या, मग दहा ठिकाणी वर्नियर लावून दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. पहिल्या वेळी माझे दहापैकी तीन जुळले होते.