मोबाईल गहाळचा तिसरा अर्ज

बारावी कॉमर्सची मुलगी, सतरा वर्षांची. अर्ज नीट लिहून आणलेला. बिलाची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, आयएमईआय नंबर वेगळ्या चिठ्ठीवर. मोबाईल गहाळच्या अर्जाला काय काय लागतं ते तिला एका शब्दानं सांगावं लागलं नाही. तिथंच माझं पेन थांबलं. रजिस्टर मागं चाळलं तर चार महिन्यांत हा तिसरा अर्ज, आणि पहिला माझ्याच हातचा. पहिल्या वेळी "केएमटी बसच्या गर्दीत पडला", दुसऱ्या वेळी "रंकाळ्यावर विसरला", आता "रिक्षात राहिला". तिन्ही वेळा एक पोरगा सोबत होता आणि उत्तरं तोच देत होता.

मोबाईल हरवत नव्हते. तो आपटून फोडत होता. घरी दाखवायला पोलिसांचा शिक्का लागतो म्हणून तिला आमच्याकडे घेऊन येत होता. दोन वेळा आम्ही तो शिक्का मारून दिला होता.

एकतीस वर्षं नोकरी करून मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. त्यातली काही वर्षं निर्भया पथकात, कॉलेजच्या गेटांवर आणि बसस्टँडवर गेली. आज पोलीस ठाण्यात तक्रारी घेणाऱ्या ठाणे अंमलदाराच्या टेबलावर नव्यानं बसणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. अशी मुलगी "मला मारतो" म्हणून येत नाही. ती दुसऱ्याच कामाचा कागद घेऊन येते.

पहिलं काम दोघांना वेगळं करणं, तेही त्याला संशय येऊ न देता. मी त्या पोराला म्हटलं, "आधारची झेरॉक्स पुसट आहे रे, समोरनं दुसरी काढून आण." दहा मिनिटं मिळाली. तिला आत नेलं, पाणी दिलं, आणि तिनं काही सांगायच्या आधी मीच बोलले. कारण मुलगी अठराच्या आतली आहे. पोक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी भीती दिसली, तरी पोलिसांना ते नोंदवावंच लागतं. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊन तिला बोलतं करायचं आणि मग गुन्हा दाखल करायचा, ही फसवणूक आहे. पुन्हा ती कुठल्याच खाकीवर विश्वास ठेवणार नाही. मी म्हटलं, "बाळा, काही गोष्टी कळल्या तर मला लिहाव्याच लागतील. पण काय लिहिते आणि पुढं काय होईल ते आधी तुला सांगेन." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग बोलली.

"त्रास देतो का?" असं विचारू नका. उत्तर "नाही" असंच येतं, कारण तिच्या लेखी ते प्रेम असतं. विचारायचं असं: फोन उचलायला उशीर झाला तर काय होतं? पासवर्ड कुणाकुणाकडं आहे? हल्ली कुठल्या मैत्रिणीशी बोलणं बंद झालंय? क्लासला जाताना लोकेशन पाठवावं लागतं का? "नाही" म्हटलंस तर काय होतं? या एकेका गोष्टीत पोलिसांना काही दिसत नाही. तीन-चार एकत्र आल्या की दिसतं.

तीन उत्तरं मात्र अशी आहेत की ती ऐकल्यावर हातातलं दुसरं काम बाजूला ठेवायचं. पहिलं, त्यानं गळा दाबला होता. गळ्यावर वळ नसला तरी आत इजा असू शकते. आवाज घोगरा झालाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांत लाल ठिपके आहेत का, हे बघा आणि सरळ कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात न्या. ज्यानं एकदा गळा धरला, त्याच्याकडून जिवाला असणारा धोका कैक पटीनं जास्त असतो. दुसरं, ती त्याला सोडायला निघाली आहे. लोकांना वाटतं नातं तुटलं की प्रकरण मिटलं. उलट तेच दिवस सगळ्यात धोक्याचे. तिसरं, "तू सोडलंस तर मी स्वतःचं काहीतरी करून घेईन" असं तो म्हणतो. याला नाटक समजू नका. तो खरंच करून घेऊ शकतो आणि तिलाही सोबत नेऊ शकतो. त्याच्या घरच्यांना बोलवा, टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर द्या, आणि तिला स्पष्ट सांगा की त्याचा जीव वाचवण्याची जबाबदारी तिची नाही.

आता ज्या वाक्यानं मी सगळ्यात जास्त नुकसान होताना पाहिलं, ते वाक्य: "दोघांना समज देऊन सोडले." स्टेशन डायरीत हे लिहिलं की सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? दोघांना एका बाकावर बसवतात, पोराला दोन ठेवून देतात, मुलीला "अभ्यास कर, असली लफडी कशाला" म्हणतात, आणि दोघं एकाच दारातून बाहेर पडतात. त्या दोन थपडांचा हिशोब तो संध्याकाळी तिच्याशी पुरा करतो. दोघांना समोरासमोर कधीही बसवू नका. पोरगा अठराच्या आतला असेल तर बाल न्याय कायदा लागतो: लॉकअप नाही, बेडी नाही, मारहाण तर नाहीच. बाल पोलीस पथकाचा अधिकारी त्याचं काम बघतो आणि पुढचा निर्णय बाल न्याय मंडळाचा. हे त्याचे लाड नाहीत. सोळा वर्षांच्या पोरात अजून बदल होऊ शकतो, आणि तो बदलला तर पुढची मुलगी वाचते.

घरी कधी आणि कसं सांगायचं, यावर सगळं प्रकरण तरतं किंवा बुडतं. ती म्हणाली, "मॅडम, पप्पांना कळलं तर माझं कॉलेज बंद." तो पोरगा तिला हीच धमकी देत होता: "तुझे फोटो पप्पांना पाठवतो." बापाच्या रागावरच त्याची सगळी ताकद उभी होती. अशा वेळी आपण आधी बापाला फोन केला, तर त्या पोराचं काम आपणच केलं. पोक्सोत जबाबाच्या वेळी आई-वडील किंवा मुलीचा विश्वास असलेली दुसरी व्यक्ती जवळ असावी अशी तरतूद आहे. तिला विचारा, "तुझं कोण?" तिनं आत्याचं नाव घेतलं. आत्या गंगावेशीतून अर्ध्या तासात आली, आणि पप्पांना सांगायचं काम माझ्यासमोर आत्यानंच केलं. मी फक्त पहिलं वाक्य बोलले: "दादा, तुमची मुलगी मदत मागायला आलीय, ती शहाणी आहे." ते खुर्चीत बसून रडले. मग मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की कॉलेज बंद होणार नाही. हे त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचंच.

जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, आणि तोही साध्या कपड्यांत. रात्री मुलीला ठाण्यात थांबवायचं नाही. 24 तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. मेसेज डिलीट करू देऊ नका. आपोआप पुसले जाणारे मेसेज असतील तर दुसऱ्या फोननं स्क्रीनचे फोटो काढून घ्या. तिचे खासगी फोटो मात्र कुणाच्याही वैयक्तिक व्हॉट्सॲपवर मागवायचे नाहीत, "साहेबांना दाखवायला" म्हणूनही नाही. फोन पंचनाम्यानं जप्त करा.

मुलगी अठराच्या पुढची असेल तर नको म्हटल्यावरही पाठलाग करणं, सतत संपर्क साधणं किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 चा गुन्हा आहे. पहिल्या वेळी 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे तो संध्याकाळपर्यंत बाहेर येणार, हे धरूनच चाला. तो सुटायच्या आधी मुलीच्या घरी फोन गेला पाहिजे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडं फार होते. राधानगरी, गगनबावड्याकडच्या मुली एसटीनं कोल्हापूरला शिकायला येतात. घटना शहरात घडते आणि तक्रार गावाकडच्या ठाण्यात येते. "आमची हद्द नाही, तिकडं जा" म्हणून परत पाठवलेली मुलगी तिकडं जात नाही, घरी जाते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते. शून्य क्रमांकानं (झिरो एफआयआर) नोंदवा आणि ज्यांची हद्द आहे त्या ठाण्याकडं पाठवून द्या. नोंदवली नाही तर ती पोलीस अधीक्षकांना लेखी कळवू शकते, हेही तिला तुम्हीच सांगा.

घरी पाठवण्याआधी तिच्याशी रोजच्या वाटेबद्दल बोला. क्लास किती वाजता सुटतो, कुठल्या स्टॉपवर थांबते, त्याला यातलं काय काय माहीत आहे. आम्ही तिची बस बदलली, क्लासची बॅच बदलली आणि सुटताना आत्येभाऊ न्यायला येईल असं ठरवलं. कागदावर पोलीस मदतीचा 112 आणि चाइल्डलाइनचा 1098 लिहून दिला आणि तो कागद दप्तरात न ठेवता आत्याकडं ठेवला.

नंतरचे फोन तिच्या मोबाईलवर करू नका, तो कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही. मी आत्याला करायचे. तिसऱ्या दिवशी, पंधराव्या दिवशी, आणि बारावीचा पहिला पेपर होता त्या सकाळी. रात्रपाळीच्या अंमलदारासाठी टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी होती: या नावानं फोन आला तर आधी गाडी पाठवा, चौकशी नंतर. आणि मोबाईल गहाळच्या रजिस्टरमध्ये तिच्या तिसऱ्या अर्जापुढं मी लाल शाईनं आधीच्या दोन अर्जांचे नंबर लिहिले. तेव्हापासून कुणाचाही गहाळचा अर्ज आला की शिक्का मारायच्या आधी आमच्याकडं मागची पानं चाळली जायची.