लडलोमध्ये दोन रात्री : वार पाहून बेत आखावा

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील लडलो या जुन्या बाजारगावी निवांत राहायचे असल्यास तारखेआधी वार ठरवावा, कारण किल्ल्यासमोरच्या चौकातला उघड्यावरचा बाजार प्रामुख्याने सोमवार, बुधवार, शुक्रवार व शनिवारी भरतो. गुरुवारी दुपारी पोहोचून शनिवारी निघाल्यास बाजाराचे दोन दिवस मिळतात आणि धावपळ होत नाही. श्रूझबरी किंवा हेरफर्डहून रेल्वेने सुमारे अर्ध्या तासात येथे येता येते. मात्र गाव टेकडीवर वसलेले असल्याने सामान हलके ठेवावे.

अकराव्या शतकात उभारणीस आरंभ झालेल्या किल्ल्याला पूर्ण सकाळ द्यावी. इंग्लंडच्या गादीचा वारस राजपुत्र आर्थर आणि स्पेनची राजकन्या ॲरागॉनची कॅथरीन लग्नानंतर येथेच राहिले व 1502 मध्ये आर्थरचा मृत्यूही येथेच झाला. पुढे हीच कॅथरीन आर्थरचा धाकटा भाऊ राजा आठवा हेन्री याची राणी झाली, हे आठवले की त्या ओसाड भिंती वेगळ्याच दिसू लागतात. दुपारी डिनम पुलावरून टीम नदी ओलांडून व्हिटक्लिफच्या चढणीवर जावे. किल्ला, चर्चचा मनोरा आणि छपरांची दाटी तेथून एकाच दृष्टिक्षेपात येते. हिवाळ्यात चारच्या सुमारास अंधारू लागते, त्यामुळे ही फेरी जेवणानंतर लगेच उरकावी.