वर्डप्रेसची साइट फायलींत उतरवताना: मराठी पत्ते सांभाळा

पहिल्या नोकरीला सहा महिने झाले होते, तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका ग्रंथालयाची साइट माझ्याकडे आली. जुनं वर्डप्रेस (डेटाबेसमधून पानं तयार करून दाखवणारी प्रणाली), पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या ५.६ आवृत्तीवर चालणारं. त्या पीएचपीचे सुरक्षा अपडेट ३१ डिसेंबर २०१८ ला बंद झालेत आणि या साइटवर दोनदा जुगाराच्या जाहिराती घुसल्या होत्या. नवीन मजकूर वर्षाकाठी दोन-तीन पानं. तेवढ्यासाठी डेटाबेस आणि लॉगिन जिवंत ठेवण्यात अर्थ नव्हता. सगळी पानं एचटीएमएल फायली म्हणून काढून साध्या होस्टिंगवर ठेवायचं ठरलं.

यासाठी सिंपली स्टॅटिकसारखं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम मिळतो. पण जुन्या, एकदा हॅक झालेल्या साइटवर आणखी एक प्लगइन चढवायला मी तयार नव्हते, म्हणून बाहेरून डब्ल्यूगेट या कमांड-लाइन प्रोग्रामने पानं उतरवली; तो लिंका धरून साइट डाउनलोड करतो. मिरर, कन्व्हर्ट-लिंक्स, पेज-रिक्विझिट्स आणि अ‍ॅडजस्ट-एक्स्टेन्शन हे चार पर्याय लावलेत की पानं, चित्रं आणि सीएसएस एकत्र येतात, लिंकाही जुळतात.

फोल्डर उघडून पाहिलं तर साइट हुबेहूब दिसत होती. दुसऱ्या दिवशी कार्यवाह काकांचा फोन आला, "अगं, व्याख्यानमालेची पानंच उघडत नाहीयेत."

या पानांच्या पत्त्यांत (यूआरएलमध्ये) देवनागरी होती. यूटीएफ-८ या, अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटची असते. डब्ल्यूगेट १२८ ते १५९ मधले बाइट नियंत्रण-चिन्हं समजतो आणि फाइलच्या नावात ते बदलून लिहितो. 'क'चा शेवटचा बाइट १४९, म्हणून 'क' मोडतो. 'र'चा १७६, तो टिकतो. पहिली वेलांटी शाबूत, दुसरी मोडलेली. नावं अर्धवट बिघडल्यामुळे चूक पटकन लक्षातही येत नाही. उपाय एका शब्दाचा आहे: रिस्ट्रिक्ट-फाइल-नेम्स या पर्यायाला नोकंट्रोल ही किंमत द्या. मराठी साइट असेल तर पहिल्या वेळेपासूनच द्या.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती वर्डप्रेसच्या आतच घडलेली असते. पत्त्याच्या शेवटच्या भागाला तिथे २०० अक्षरांची मर्यादा आहे आणि एन्कोड झाल्यावर, म्हणजे प्रत्येक बाइट % आणि दोन चिन्हं असा लिहिल्यावर, देवनागरीची एक खूण नऊ अक्षरं खाते. म्हणजे साधारण २२ खुणा, त्यातही काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजायचे. 'ग्रंथालयातील व्याख्यानमाला' एवढं शीर्षकही पत्त्यात 'व्याख्यानम'वर तुटतं. त्याच शब्दांनी सुरू होणाऱ्या पुढच्या पानांना मग शेवटी २, ३ असे आकडे लागतात. हे पत्ते सुधारण्याचा मोह फार होतो. सुधारू नका. लोकांनी जुन्या लिंका व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या असतात, छापील पत्रिकांवरही दिलेल्या असतात.

त्यानंतर मी पानं मोजली, आणि हे खरं तर सगळ्यात आधी करायला हवं. डेटाबेसमध्ये प्रकाशित पानं ६४०, माझ्याकडे फायली ५८७. डब्ल्यूगेट लिंकांमागून चालतो. ज्या पानाकडे कुठूनच लिंक नाही ते त्याला सापडत नाही. डेटाबेसमधून पत्त्यांची यादी काढून ती फाइल इनपुट म्हणून दिली, तेव्हा ती ५३ पानं मिळाली. वर्डप्रेस ५.५ किंवा पुढचं असेल तर तयार साइटमॅप, म्हणजे पानांच्या पत्त्यांची यादीही असते. उलट बाजूने, कार्यक्रमांच्या कॅलेंडरमधली 'पुढचा महिना' ही लिंक संपतच नाही, ती वगळा.

शोध आणि संपर्काचा फॉर्म या साइटवर चालणार नाहीत, हे ग्राहकाला काम सुरू होण्याआधी सांगा. आम्ही शोधाऐवजी सगळ्या शीर्षकांचं एक अकारविल्हे पान केलं आणि फॉर्मच्या जागी फोन नंबर. वाचकांना ते पान आवडलं.

तपासताना फाइलवर डबल-क्लिक करून पाहू नका. स्लॅशने सुरू होणाऱ्या लिंका तशा उघडत नाहीत. पायथनचा छोटा सर्व्हर आपल्याच मशीनवर चालवा.

डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) आणि अपलोडचं फोल्डर दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा; फायलींवरून वर्डप्रेस परत उभं करणं फार किचकट असतं. आणि डोमेन नव्या होस्टिंगकडे वळवल्यावर महिनाभर ४०४ चा, म्हणजे न सापडलेल्या पानांचा लॉग रोज बघा. आम्हाला त्यातूनच कळलं की जुन्या सूचीच्या पीडीएफ दुसऱ्याच सबडोमेनवर होत्या.