कल्चर रिपोर्ट हातात आला की नेमकं काय बघायचं

घरातलं कुणी आयसीयूत असलं की दोन-तीन दिवसांत कल्चर सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट येतो, म्हणजे सॅम्पलमधून कोणता जंतू वाढला आणि त्यावर कोणतं अँटिबायोटिक चालतं याची तपासणी, आणि त्यावर आर, आर, आर अशी रांग दिसली की नातेवाईकांच्या पोटात गोळाच येतो. तो कागद थोडा जरी वाचता आला तरी डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता येतात, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात सॅम्पलपासून करा. शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी सॅम्पल घेतलेलं असावं, कारण औषध अंगात गेल्यावर कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही असं होऊ शकतं आणि मग पुढचे उपचार अंदाजावर चालतात. "कल्चर पाठवलंय ना?" एवढं जरूर विचारा, पण सेप्सिस (इन्फेक्शनमुळे अवयव निकामी होऊ लागणं) असेल तर कल्चरसाठी औषध थांबवा असा हट्ट अजिबात धरू नका, तिथे एकेक तास मोलाचा असतो. आणि कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी घातलेली नळी, असेल तर लघवीचं सॅम्पल पिशवीतून घ्यायचं नसतं, नळीच्या पोर्टमधून घेतात, पिशवीत साचलेल्या लघवीत जंतू वाढत राहतात.

रिपोर्ट आला की आधी वरचा भाग बघा, सॅम्पल कशाचं आणि जंतू कोणता. क्लेब्सिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास, एमआरएसए ही हॉस्पिटलमध्ये नेहमी दिसणारी नावं. रक्तात क्लेब्सिएला सापडला तर प्रकरण गंभीर, पण तोच कॅथेटरवाल्या पेशंटच्या लघवीत आला आणि ताप नाही, दुसरा काही त्रास नाही, तर बऱ्याचदा तो तिथे नुसता राहतोय, याला कोलोनायझेशन म्हणतात आणि सहसा त्याला औषध लागत नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण रिपोर्ट पॉझिटिव्ह दिसला की आपणच "स्ट्राँग काहीतरी द्या" म्हणून मागे लागतो, त्या औषधाने साधे जंतू मरतात आणि दाद न देणाऱ्यांना मोकळं रान मिळतं.

मग खालचा तक्ता. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे चालणार नाही, आय म्हणजे मधलं, काही औषधांत डोस वाढवून चालू शकतं. शेजारचा एमआयसीचा आकडा म्हणजे जंतूची वाढ थांबवायला किमान किती औषध लागलं ते. इथे खूप जण फसतात. समजा मेरोपेनेम या अँटिबायोटिकपुढे ०.२५ आहे आणि अमिकासिन या दुसऱ्यापुढे २, दोन्हीपुढे एस, तर कमी आकडा म्हणून मेरोपेनेम जास्त भारी असं होत नाही, प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असते, त्यामुळे आकड्यांची आपसात तुलना करूच नका. कोलिस्टिन या अँटिबायोटिकपुढे आय दिसलं म्हणूनही घाबरू नका, अमेरिकन मानक वापरणाऱ्या लॅबमध्ये २०२० पासून कोलिस्टिनला एस हा शेराच नाही, फक्त आय किंवा आर.

मेरोपेनेम आणि त्याच गटातलं इमिपेनेम ही भारी औषधं, दोन्हीपुढे आर असेल तर मात्र प्रकरण अवघड आहे. त्यामागे बरेचदा औषधच तोडून टाकणारं एन्झाइम असतं आणि त्याचं जीन प्लाझ्मिडवर (जंतूतला डीएनएचा छोटा सुटा तुकडा) बसून एका जंतूतून दुसऱ्यात, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूतही जातं. अशा वेळी इन्फेक्शनच्या तज्ज्ञांचं मत घ्यायचं का हे स्पष्ट विचारा. उलट साधं औषध एस असेल तर "आता भारी औषध बंद करून यावर येता येईल का?" हेही विचारा, कल्चर करायचा अर्धा उपयोग तोच आहे.

आता बेडजवळ. अ‍ॅसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक दिवस, कधी आठवडे टिकतो, म्हणजे बेडचं रेलिंग, मॉनिटरची बटणं, आणि आपला मोबाईलसुद्धा! पेशंटला हात लावायच्या आधी आणि नंतर सॅनिटायझर घ्या, कोरडं होईपर्यंत २०-३० सेकंद चोळा, बोटांची टोकं आणि अंगठे विसरू नका. ग्लोव्हज घातले म्हणून हात धुणं सुटत नाही. जुलाब सुरू असतील आणि सी डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जंतूची शंका असेल तर साबण-पाणीच वापरा, त्याचे स्पोअर्स, म्हणजे कवचातलं चिवट रूप, अल्कोहोलने मरत नाहीत. लघवीची पिशवी कमरेच्या खाली राहू दे पण जमिनीला टेकू देऊ नका, आणि राउंडला रोज विचारा की कॅथेटर आज काढता येईल का, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) अजून लागतेय का. यात संकोच करू नका, नळी जितके दिवस आत तितका इन्फेक्शनचा धोका वाढतो.

डिस्चार्जच्या वेळी सगळे कल्चर रिपोर्ट मागून घ्या आणि तारखेसकट फोटो काढून ठेवा. असे जंतू आतड्यात काही महिने मुक्काम करू शकतात, त्यामुळे पुन्हा कुठे अ‍ॅडमिट करायची वेळ आली तर पहिल्याच दिवशी ते दाखवा, म्हणजे पहिलं औषध निवडताना आणि पेशंटला वेगळं ठेवायचं का हे ठरवताना डॉक्टरांच्या हातात काहीतरी असेल.