चुकून खात्यात आलेले पैसे परत करायचे कसे

खात्यात भलतीच रक्कम जमा झालेली दिसली की काही जण गप्प बसतात. काही जण उलट, समोरच्याच्या घाबरलेल्या आवाजाला भुलून पाच मिनिटांत पैसे पाठवून मोकळे होतात. दोन्ही वाटा धोक्याच्या आहेत. पैसे परत करायचेच, याबद्दल शंका नको. फक्त ते ज्या वाटेने आले त्याच वाटेने गेले पाहिजेत, आणि मध्ये बँक असली पाहिजे.

आधी पैसे खरोखर आलेत का ते बघा. मोबाइलवरचा मेसेज हा पुरावा नव्हे. तसा मेसेज कोणीही तयार करून पाठवू शकतो. मेसेजमधली लिंक न दाबता बँकेचे अ‍ॅप स्वतः उघडा आणि स्टेटमेंट पाहा. रक्कम चेकने आली असेल तर आणखी सावध राहा. बऱ्याच बँका चेक वटण्याआधीच रक्कम खात्यात दाखवतात आणि चेक परत आला की ती काढून घेतात. दरम्यान तुम्ही ‘जादा’ पैसे परत पाठवलेले असतील, तर ते तुमच्याच खिशातून गेले.

नोंद खरी असेल तर तारीख, पूर्ण रक्कम, व्यवहार क्रमांक आणि पाठवणाऱ्याचे नाव जसे दिसते तसेच टिपून ठेवा, स्क्रीनशॉट घ्या. मग हे पैसे खरेच आपले नाहीत ना, याचा विचार करा. विसरलेला कराचा परतावा, रद्द केलेल्या तिकिटाचे पैसे, पगारातली जुनी थकबाकी, कुणी फेडलेली उसनवारी, यातले काही असू शकते. अशी रक्कम कंपनीच्या अपरिचित नोंदणीकृत नावाने येते, म्हणून ती परकी वाटते.

आपले नाहीत याची खात्री पटली, की त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा. मजकूर एवढा पुरे: ‘अमुक तारखेला अमुक व्यवहार क्रमांकाने माझ्या खात्यात अमुक रक्कम जमा झाली आहे. ती माझी नाही. पाठवणाऱ्याच्या बँकेशी संपर्क साधून हा व्यवहार उलटवावा, त्यास माझी संमती आहे. मी ही रक्कम वापरलेली नाही.’ तक्रार क्रमांक मागून घ्या. शाखेत तोंडी सांगून आलात तर उद्या त्याचा काहीच पुरावा राहत नाही. परत करायला आठवडे लागले तरी तुमच्यावर ठपका येत नाही, कारण कळवण्यात तुम्ही उशीर केलेला नसतो.

तोवर रक्कम जागची हलवू नका. दुसऱ्या खात्यात टाकणे, मुदत ठेवीत गुंतवणे, रोख काढून घरात ठेवणे, हे सगळे हेतू चांगला असला तरी पैसे दडवल्यासारखे दिसते. तुमचे खाते आधीच उणे असेल आणि आलेली रक्कम त्या थकबाकीत वळती झाली असेल, तर तेही बँकेला पहिल्याच पत्रात सांगा.

फसवणूक नेमकी होते ती इथे. भामटा दुसऱ्या कुणाच्या तरी लुबाडलेल्या खात्यातून तुम्हाला पैसे पाठवतो. मग फोन येतो: चुकून गेले हो, रुग्णालयाचे पैसे आहेत, पण माझे ते खाते आता बंद पडलेय, या दुसऱ्या नंबरवर टाका. तुम्ही टाकता. काही दिवसांनी मूळ खातेदार तक्रार करतो आणि बँक पहिली रक्कम तुमच्या खात्यातून परत घेते. तुमचे स्वतःचे तेवढेच पैसे गेलेले असतात, शिवाय चोरीचा पैसा तुमच्या हातून पुढे सरकल्याची नोंद होते ती वेगळीच. म्हणून वेगळे खाते, रोख, गिफ्ट कार्ड किंवा क्यूआर कोड असे काहीही सुचवले गेले, की परतफेड तिथेच थांबवा. खऱ्या माणसाला एवढेच सांगा: ‘मी माझ्या बँकेला कळवले आहे, तुम्हीही तुमच्या बँकेला कळवा.’ त्याचे पैसे बुडत नाहीत. पिन किंवा ओटीपी तर द्यायचाच नाही. पैसे परत घेण्यासाठी त्याला त्याची गरजच नसते.

विक्रीच्या व्यवहारात गिऱ्हाइकाने जादा पैसे भरले असतील, तर फरक वेगळा ट्रान्सफर करू नका. ज्या कार्डाने किंवा अ‍ॅपने पैसे आले, त्याच व्यवहारावर परतावा द्या.

पगार जादा आला तर परतफेडीआधी हिशेब लेखी मागा. समजा कंपनीने १०० जादा दाखवले आणि करापोटी २० कापले, तर तुमच्या हातात ८० आले. परत किती मागतात, १०० की ८०? १०० मागत असतील, तर भरलेला २० कर तुम्हाला कुठून मिळणार हे आधी ठरवून घ्या. करवर्ष संपण्याआधी चूक दुरुस्त झाली तर हे सोपे असते. वर्ष उलटले की विवरणपत्रापर्यंत प्रकरण जाते. चूक अनेक महिने चाललेली असेल तर हप्ते मागायला संकोचू नका. वाजवी कंपनी ते देते.

‘चूक त्यांची, मी का भरू?’ हा प्रश्न जुना आहे आणि त्याचे उत्तरही जुनेच आहे. १८४१ मध्ये इंग्लंडच्या केली विरुद्ध सोलारी खटल्यात विमा कंपनीने बंद पडलेल्या पॉलिसीचे पैसे विसरून चुकते केले होते. निष्काळजीपणा झाला म्हणून परत मागण्याचा हक्क जात नाही, असे न्यायालयाने म्हटले. भारताच्या १८७२ च्या करार कायद्यातले कलम ७२ हेच सांगते. इंग्लंड आणि वेल्समध्ये चुकीने जमा झालेली रक्कम जाणूनबुजून दाबून ठेवणे हा गुन्हाही आहे.

‘ते माझे देणेकरीच होते’ हा बचाव क्वचित टिकतो. ऑगस्ट २०२० मध्ये सिटीबँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या वतीने तिच्या कर्जदात्यांना केवळ व्याज पाठवायचे होते. गेले सुमारे ९० कोटी डॉलर. काहींनी मिळून ५० कोटींच्या आसपास रक्कम अडवून धरली. २०२१ मध्ये ते जिंकले, पण २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला, कारण कर्जाची मुदत २०२३ मध्ये संपणार होती आणि पैसे तेव्हा देय झालेलेच नव्हते.

चूक लक्षात येण्याआधी पैसे खर्च झाले असतील, तर काही देशांत सवलत मिळू शकते. मात्र एरवी केलाच नसता असा खर्च, तोही प्रामाणिक समजुतीने, केल्याचे दाखवावे लागते. घरभाडे किंवा वीजबिल यात सहसा मोजत नाहीत. चूक कळल्यानंतरचा खर्च तर मुळीच नाही.

बँकेकडून उत्तर आले नाही तर दर पंधरा दिवसांनी त्याच तक्रार क्रमांकावर लेखी आठवण द्या. पैसे गेले की ‘पूर्ण रक्कम मिळाली, आता काही येणे नाही’ अशी पोच घ्या. परकीय चलनात आलेली रक्कम त्याच चलनात परत करा आणि ट्रान्सफरचा खर्च कोण सोसणार ते आधीच लिहून घ्या. ही सगळी कागदपत्रे काही वर्षे जपून ठेवा. वसुलीचा दावा पुष्कळ काळानंतरही येऊ शकतो.